सायकलचें दुकान

गेल्या गुरुपौर्णिमेस आमच्या कांहीं जुन्या विद्यार्थ्यांनीं आम्हांस एका छोट्या समारंभास बोलाविलें, आणि शाल-श्रीफळाचा विधि उरकल्यावर ‘आपल्या गुरूंविषयीं दोन शब्द’ बोलण्याची आज्ञा केली. तीस वर्षें वर्गांत बोलण्यांत घालविलेल्या मनुष्यास दोन शब्द बोला म्हणणें म्हणजे बेडकास पाऊस दाखविण्यासारखें आहे. आम्ही पाऊण तास बोललों. शेक्सपिअर शिकविणारे प्राध्यापक, संस्कृताची गोडी लावणारे शास्त्रीबुवा, शुद्धलेखनासाठीं छडी मारणारे मराठी शाळेंतले मास्तर, ह्या सर्वांचें ऋण आम्हीं यथासांग मान्य केलें. टाळ्या झाल्या. परंतु घरीं परततांना नारायण पेठेंतील एका वळणावर आमची गाडी सवयीनें हळू झाली, आणि जेथें आतां एका पांच मजली इमारतीखालीं मोटारी उभ्या असतात त्या जागेकडे पाहतांच मन चरकलें. त्या पाऊण तासांत आम्हीं एक गुरु गाळले होते. आणि ते विसरल्यामुळें गळले नव्हते.

त्या जागीं पूर्वीं एक जुना दुचौकी वाडा होता, आणि वाड्याच्या रस्त्याकडील पडवींत अण्णांचें सायकलचें दुकान होतें. दुकान म्हणण्यासारखा थाट तेथें कांहींच नव्हता. दहा हात लांब, सहा हात रुंद अशी ती जागा. तुळईला टांगलेले जुने टायर. भिंतीस खिळे ठोकून अडकविलेल्या रिमा आणि साखळ्या. खालीं रॉकेलच्या डब्यांत बुडविलेले छर्रे. एका कोपऱ्यांत पाण्यानें भरलेलें, कांठाशीं पोचा आलेलें घमेलें. दारावरच्या पत्र्याच्या पाटीवरील अक्षरें उन्हापावसानें इतकीं पुसट झालीं होतीं कीं, दुकानाचें नांव काय हा प्रश्न पेठेंत कोणास कधीं पडला नाहीं. दाराशीं हवा भरण्याचा पंप दोरीनें बांधून ठेवलेला असे. स्वतः पंप मारणारास हवा फुकट; अण्णांकडून मारून घेतल्यास एका चाकास पांच पैसे. ‘हवा देवाची, दंड माझे,’ असें ह्या दरपत्रकाचें तत्त्वज्ञान ते हंसत हंसत सांगत.

भिंतीवर, आमच्या डोक्याच्याहि हातभर वर, एक मातकट रेघ होती. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्यापाठोपाठ खडकवासल्याचें गेलें, आणि मुठेचें पाणी नदीकांठच्या पेठांत शिरलें. त्या दिवसाची ती खूण. आमचा जन्म त्यानंतर आठ वर्षांनीं झाला. पण पूर म्हणजे काय हें आम्ही पुस्तकांतून नव्हे, तर त्या रेघेवरून शिकलों. दर दिवाळीस अण्णा भिंतीस चुना देत, तो रेघेच्या खालीं आणि वर. रेघ तेवढी सोडून. भाड्यानें देण्याच्या त्यांच्या अकरा सायकलींपैकीं आठ त्या दिवशीं वाहून गेल्या. हें सांगतांना त्यांचा स्वर कधीं करुण होत नसे. ‘उरलेल्या तीन चिखलांतून काढल्या, उकलल्या, धुतल्या, पुन्हां जोडल्या. चालायला लागल्या,’ एवढेंच ते म्हणत, आणि हातांतलें काम पुढें चालू ठेवीत.

त्या काळीं पुणें हें सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जात असे. सकाळीं लकडी पुलावर उभें राहिलें तर कारकून, विद्यार्थी, शिक्षक, दूधवाले, कामगार यांच्या सायकलींचा दुसरा एक प्रवाह मुठेवरून आडवा वाहतांना दिसे. ज्या १८८५ सालीं पुण्यांत फर्ग्युसन महाविद्यालय निघालें, त्याच सालीं इंग्लंडांतील कॉव्हेंट्री गांवीं स्टार्ली यानें साखळीनें चालणारी ‘रोव्हर’ सायकल तयार केली. पुढें १८८८ सालीं बेलफास्ट येथें डनलॉप यानें सायकलच्या हवेच्या टायरचें पेटंट घेतलें, आणि त्याच सालीं बेळगांवांत लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या उद्योगाचा आरंभ सायकलच्या एका दुकानानें झाला. विद्या आणि चाक हीं आमच्या भागांत अशीं जुळ्या भावंडांसारखीं वाढलीं, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. लक्ष्मणरावांच्या दुकानाचा पुढें कारखाना झाला, १९१० सालीं त्या कारखान्याभोंवतीं किर्लोस्करवाडी वसली, आणि इतिहासानें त्याची नोंद घेतली. परंतु प्रत्येक सायकलच्या दुकानाचा कारखाना होत नाहीं. बहुतेकांचें अखेरपर्यंत दुकानच राहतें, आणि त्यांची नोंद एखाद्या गिऱ्हाइकानेंच ठेवावी लागते.

आमचा आणि अण्णांचा परिचय १९७९ च्या उन्हाळ्याच्या सुटींत झाला. लहान मुलांच्या उंचीच्या दोन तांबड्या सायकली त्यांनीं नव्यानेंच भाड्यास ठेवल्या होत्या. दर, अर्ध्या तासास वीस पैसे. अनामत नाहीं, हमीपत्र नाहीं. आम्ही घामेजलेल्या मुठींत नाणीं घेऊन उभे राहिलों, तेव्हां त्यांनीं वर न पाहतां एवढेंच विचारलें, ‘कोणाचा रे तूं?’ आम्हीं वडिलांचें नांव सांगितलें. तें एका लांबट वहींत लिहिलें गेलें, त्यापुढें सायकलचा नंबर व वेळ. आणि सायकल आमच्या हवालीं झाली. पुढें आम्हीं अनेक अर्ज भरले, अनेक ठिकाणीं प्रमाणपत्रांच्या साक्षांकित नकला जोडल्या. परंतु नुसत्या बापाच्या नांवावर जगानें आमच्यावर पुन्हां इतका विश्वास टाकला नाहीं. त्या वहीचा धाकहि तितकाच होता, कारण सायकल आपटली तर ती कोणाच्या नांवावर आपटली हें तींत लिहिलेलें असे. २०१७-१८ सालीं पुण्यांत मोबाइलवरून कुलूप उघडून भाड्यानें घ्यावयाच्या सायकली ठिकठिकाणीं उभ्या राहिल्या, आणि थोड्याच काळांत दिसेनाशा झाल्या. त्यांची यंत्रणा अण्णांच्या वहीपेक्षां शतपटीनें हुशार होती. फक्त ‘कोणाचा रे तूं?’ हा प्रश्न तिला विचारतां येत नव्हता.

१९८२ सालीं वडिलांनीं आम्हांस एक जुनी सायकल घेऊन दिली. तीहि अण्णांच्याच पसंतीनें. तेव्हांपासून शाळा सुटल्यावरचा आमचा एक तास त्या पडवींत जाऊं लागला. प्रथम आम्ही नुसते पाहत असूं, मग ‘ए, पान्हा दे’ ह्या आज्ञेस पात्र झालों, आणि वर्षभरांत पंक्चर काढण्याची परवानगी मिळाली. ट्यूब बाहेर काढून हवा भरावयाची, घमेल्यांतील पाण्यांतून ती वीत वीत फिरवावयाची, बुडबुडे येतील त्या जागीं कॉपिंग पेन्सिलीची खूण करावयाची, काचकागदानें घांसून सोल्यूशन लावावयाचें, तें वाळेपर्यंत धीर धरावयाचा, आणि मग ठिगळ. हें सर्व आम्हांस चटकन् साधलें, आणि आमचें पहिलें पंक्चर दुसऱ्याच दिवशीं पुन्हां दारांत आलें. अण्णांनीं टायर हातीं घेऊन आमचें बोट त्याच्या आंतून फिरविलें. बाभळीचा कांटा बोटास लागला तेव्हां आम्ही ओरडलों. ‘भोक सगळ्यांनाच सांपडतं,’ ते म्हणाले, ‘आधीं कांटा शोधावा.’

दुसरा धडा पायडलाचा. डावें पायडल सोडविण्यासाठीं आम्ही एकदां पान्ह्याशीं झोंबत होतों. जगांतले सर्व आटे ज्या दिशेनें सुटतात त्याच दिशेनें आम्ही जोर लावीत होतों, आणि तें अधिकाधिक आवळत होतें. पान्हा निसटून हाताचीं बोटें सोलवटलीं. अण्णा शेजारीं बसून विडी ओढीत शांतपणें पाहत होते. शेवटीं म्हणाले, ‘डावं आहे तें. डावं उलटं सुटतं.’ सरळ आटे असते तर चालवतां चालवतांच पायडल सैल होऊन गळून पडलें असतें, हें कारण त्यांनीं मागाहून सांगितलें. आधींच कां सांगितलें नाहीं, असें आम्हीं रागानें विचारलें. ‘आधीं सांगितलं असतं तर विसरला असतास.’ अध्यापनशास्त्रावरील पुष्कळ ग्रंथ आज आमच्या कपाटांत आहेत. ह्या वाक्याच्या पुढें गेलेला त्यांत अद्याप एकहि आढळला नाहीं.

परंतु अण्णांची खरी विद्या म्हणजे चाकाचा ‘आऊट’ काढणें. मागील चाकास चाळीस तारा आणि पुढील चाकास बत्तीस. ह्या बारीक तारांवर सबंध मनुष्याचा भार कसा राहतो, हें आम्हांस मोठें कोडें होतें. तार दाबली तर वांकते. ती भार काय उचलणार? त्याचें उत्तर असें कीं, सर्व तारा आधींच सारख्या ताणून बसविलेल्या असतात, आणि त्या ताणावर चाक उभें असतें. एखादी सैल पडली कीं तिच्या वांट्याचें ओझें शेजारणींवर पडतें आणि चाक हेलकावे खाऊं लागतें. अण्णा रिमेजवळ खडूचा तुकडा धरून चाक फिरवीत. जेथें खडू घांसला जाई तेथें एका अंगाची तार किंचित् आवळीत, लगेच दुसऱ्या अंगाची किंचित् सैल सोडीत. मग बोटानें एकेक तार छेडून कान देत. सर्व तारांचा आवाज एक आला म्हणजे चाक सरळ झालें असें समजावयाचें.

१९८९ च्या एप्रिलमध्यें आमची बी. ए. ची परीक्षा होती. आदल्या रात्रीं एका मित्राकडून टिपणें घेऊन येतांना आम्ही रस्त्यांतील एका चरांत सायकलसह कोसळलों, आणि पुढच्या चाकाचें अक्षरशः आठ झालें. परीक्षेचें केंद्र गांवाच्या दुसऱ्या टोंकास होतें. नऊ वाजून गेले होते. अण्णांनीं दुकानाच्या फळ्या लावल्या होत्या. त्यांनीं चाकाकडे पाहिलें, आमच्याकडे पाहिलें, आणि विचारलें, ‘उद्यां पेपर आहे ना?’ आम्हीं मान हलविली. ‘मग आजच झालं पाहिजे,’ असें म्हणून त्यांनीं एकेक करून फळ्या पुन्हां काढल्या. सबंध चाक उकलून, रिम पायाखालीं धरून सरळ करून, बत्तीसच्या बत्तीस तारा त्यांनीं नव्यानें ओवल्या. आम्ही दिव्याखालीं बसून टिपणें वाचीत होतों. शेवटची तार छेडून झाली तेव्हां अकरा वाजून गेले होते. आमच्यापाशीं पैसे नव्हते. ‘पास झालास कीं दे,’ ते म्हणाले. आम्ही पास झालों, आणि पैसे दिले. तो हिशेब पुरा झाला आहे.

१९९३ सालीं आम्ही प्राध्यापक झालों. पेढे घेऊन अण्णांकडे प्रथम गेलों, हें आमच्या बाजूनें येथें नमूद करून ठेवतों. कारण पुढें आमच्या बाजूनें नमूद करण्यासारखें फारसें कांहीं नाहीं. त्यांनीं हात पुसून पेढा घेतला आणि म्हणाले, ‘या, बसा.’ दहा वर्षें ज्यांच्या तोंडून ‘ए’ आणि ‘तूं’ ऐकलें, त्यांनीं आमच्यासाठीं स्टूल फडक्यानें पुसलें. ‘अहो अण्णा, हें काय?’ असें आम्ही म्हणालों खरें. पण मनांतून आम्हांस बरें वाटलें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. ज्यास ‘तूं’ म्हणतां येतें त्याच्याकडे पान्हा मागतां येतो. ज्यास ‘तुम्ही’ म्हणावें लागतें त्याच्याकडे मागतां येत नाहीं. त्या दिवसापासून त्या पडवींत आम्ही पाहुणे झालों. दोन वर्षांत कर्ज काढून आम्हीं स्कूटर घेतली. प्राध्यापकास सायकल शोभत नाहीं असें आम्हांस कोणीं सांगितलें नव्हतें. तें आमचें आम्हांसच उमगलें. अर्थात् हें एकट्या आमचेंच झालें असें नव्हे. स्कूटरीसाठीं वर्षानुवर्षें नंबर लावून बसण्याचे दिवस संपले होते, लुना घरोघर झाल्या होत्या, आणि लकडी पुलावरील तो प्रवाह पेट्रोलच्या धुरांत दिसेनासा होत चालला होता. अण्णांच्या तांबड्या सायकली प्रथम गंजल्या, मग भंगारांत गेल्या. पंप तेवढा दाराशीं बांधलेला राहिला.

१९९८ च्या नोव्हेंबरांत एका संध्याकाळीं अण्णा आमच्या घरीं आले. चपला जिन्याखालींच काढून ते दाराशीं उभे राहिले. हातांत एक लांबट लखोटा होता. वाडा पाडून तेथें इमारत उठवावयाची असें मालकांनीं ठरविलें होतें, आणि त्यांच्या वकिलानें इंग्रजींत नोटीस पाठविली होती. आम्हीं ती वाचून मराठींत समजावून सांगितली. पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावें, असें तींत होतें. त्यांतले चार दिवस ती कोणाकडून वाचून घ्यावी ह्या विचारांतच गेले होते. जुन्या भाडेपावत्या पुरांत गेल्या होत्या. नंतरच्या कांहीं होत्या, कांहीं नव्हत्या. ‘वकील करायला हवा,’ आम्ही म्हणालों. ‘तो करीनच,’ अण्णा म्हणाले, ‘पण आधीं सगळी हकीकत तुम्हीं नीट इंग्रजींत मांडून दिलीत तर बरं होईल. वकिलासमोर मला बोलतां येत नाहीं. तुमच्या हातचा कागद असला म्हणजे काळजी नाहीं.’ आमच्या मेजावर विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकांचे चार गठ्ठे होते. आम्हीं त्यांकडे पाहिलें. अण्णांनींहि पाहिलें. ‘उद्यां या,’ आम्ही म्हणालों.

ते दुसऱ्या दिवशीं आले. आम्ही घरीं नव्हतों. तीन दिवसांनीं पुन्हां आले. तेव्हां दोन गठ्ठे उरले होते, आणि आम्हीं पुन्हां तोच शब्द उच्चारला. त्यानंतर ते आले नाहींत. उत्तरपत्रिका वेळेवर गेल्या. त्या कामांत आमच्याकडून आयुष्यांत एक दिवसाचाहि उशीर झालेला नाहीं. मग एका रविवारीं स्वस्थपणें बसून आम्हीं ती हकीकत लिहिली. चांगली लिहिली: पूर, पावत्या, चाळीस वर्षांहून अधिक काळचा धंदा, सर्व मुद्दे क्रमवार. शेवटीं दिनांक घालतांना आम्हीं बोटांवर दिवस मोजले. मुदत तीन दिवसांपूर्वीं संपली होती.

उत्तर वेळेवर गेलें असतें तर दुकान राहिलें असतें काय? कदाचित् नसतें. एका जाणत्या वकिलानें पुढें आम्हांस सांगितलें कीं, अशा नोटिशीस उशिरानेंहि उत्तर देतां येतें, आणि खरा झगडा कोर्टांतच व्हावयाचा असतो. परंतु अण्णा कोर्टापर्यंत गेलेच नाहींत. थोडे पैसे घेऊन त्यांनीं जागा सोडली. ज्याला लहानपणापासून ओळखतों तो शिकलेला मनुष्यहि आपला कागद लिहून देत नाहीं, एवढ्यावरून पुढच्या सर्व कागदांचा अंदाज त्यांनीं बांधला असावा. आमच्या लिहिण्यानें कांहींच फरक पडला नसता, हा विचार आम्हांस फार सोयीचा आहे. म्हणूनच आम्ही त्यावर फारसा विश्वास ठेवीत नाहीं.

पुढल्या उन्हाळ्यांत ते आम्हांस दिसले. नदीकडच्या रस्त्यावर एका पिंपळाखालीं लांकडी पेटी, घमेलें आणि तोच पंप घेऊन ते बसले होते. तो कागद कित्येक महिने आमच्या स्कूटरच्या डिकींत पडून होता. कां ठेवला होता, सांगवत नाहीं. आम्हीं तो काढून त्यांच्यापुढें धरला. ‘अण्णा, तें लिहून ठेवलं होतं.’ त्यांनीं हात पुसले, कागद घेतला, आणि एक अक्षर वाचतां येत नसतांना वरपासून खालपर्यंत नजर फिरविली. ‘अक्षर सुंदर आहे तुमचं,’ ते म्हणाले, आणि नीट घडी करून तो पेटींत पान्ह्यांच्या खालीं ठेवला. मग आमच्या स्कूटरकडे पाहून म्हणाले, ‘मागच्या चाकांत हवा कमी आहे.’ आम्ही नको नको म्हणत असतांनाच ते उठले आणि त्यांनीं पंप लावला. सत्तरीस आलेले ते दंड वरखालीं होत होते, आणि आम्ही पाकीट हातांत धरून उभे होतों. ‘किती झाले?’ आम्हीं विचारलें. ‘असूं द्या,’ अण्णा म्हणाले, ‘उद्यां द्या.’

त्या शब्दांत टोमणा होता कीं नाहीं, हें आम्हांस आजतागायत ठरवितां आलेलें नाहीं. टोमणे मारण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता, आणि म्हणूनच तें ठरविणें कठीण आहे. पुढें त्या रस्त्यानें जाण्याचें आम्ही टाळूं लागलों. अण्णा २००४ सालीं गेले; आम्हांस तें महिन्याभरानें कळलें. त्या हवेचे पैसे आमच्याकडे राहिले आहेत.

गुरुपौर्णिमेच्या सभेंत आम्हीं त्यांचा उल्लेख केला असता तर टाळ्या अधिकच पडल्या असत्या. सायकलवाल्यास गुरु म्हणणारा प्राध्यापक लोकांस फार आवडतो. कांटा, पायडल, तारा, बी. ए. ची रात्र, एवढें सांगून तेथेंच थांबणेंहि अशक्य नव्हतें. पण तसें थांबलों असतों तर तें त्यांच्या पैशानें आपली शाल विकत घेण्यासारखें झालें असतें. आणि पुढचें सांगावयाचें, तर तें खांद्यावर शाल असतांना सांगवेना. म्हणून तें येथें लिहिलें आहे.

हल्लीं कोणी कागद घेऊन दाराशीं आलें, मग तो शाळेचा अर्ज असो वा पेन्शनची तक्रार असो, तर आम्ही त्यास बसवितों आणि हातांतलें काम बाजूस सारून त्याच्यासमोरच लिहून देतों. घरांतील मंडळी ह्यास आमचा चांगुलपणा म्हणतात. वाचकांनीं तसें म्हणूं नये. डावें पायडल कोणत्या दिशेनें सुटतें, हें एकदां बोटें सोलवटून घेतल्यावर मनुष्याच्या लक्षांत राहतें; त्यापेक्षां अधिक असें त्यांत कांहीं नाहीं.